आमच्या ड्राइव्हवेतून नॉर्वेला

डब्लिन, ओहायो
रविवार, १७ एप्रिल २००५

ती. श्रीरामदादा यांच्या चरणी मोहनचा नमस्कार.

तुमच्या गुडघ्याला आणि वहिनींच्या रागाला एव्हाना उतार पडला असेल असं धरून हे पत्र लिहितो. नागपूरला पारा बेचाळिसावर गेला आणि नेमक्या त्याच दिवशी तुमच्या कूलरची मोटार जळली, असं सुनेत्राकडून कळलं. मी तिथे असतो तर दुपारपर्यंत चालू करून दिली असती. (दुसऱ्याची मोटार चालू करून द्यायची आणि ती सुरू झाली की आपण हात पुसत घरी बसायचं, असा काहीसा योग माझ्या पत्रिकेत असावा. पण त्याचं पुढे येईलच.) वहिनींनी पाठवलेली संत्र्याची बर्फी पोचली. डबा उघडला तेव्हा घरात पाहुणे होते, त्यामुळे माझ्या वाट्याला दीड वडी आली. पाहुणे कोण, ते तुम्हाला ठाऊक आहे. इकडे आम्ही उभयता बरे आहोत. मृणालिनी शिकागोला मजेत आहे. तिच्या लग्नाचं तुम्ही मला विचारू नये, म्हणजे मलाही तिला विचारावं लागणार नाही.

फोन सोडून पत्र का, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. आमच्या घरात फोनची दोन यंत्रं आहेत, एक स्वयंपाकघरात आणि एक वर, आणि नागपूरचा नंबर फिरवला की दुसऱ्या यंत्रावर सुनेत्रा आपोआप प्रकट होते. माहेरचा फोन, तिला कोण अडवणार? शिवाय गेले पाच आठवडे तिच्या शेजारी तिची धाकटी बहीण दीपाही कान लावून उभी असते. तुमच्या दोन्ही बहिणी एकदम ऐकत असताना खरं बोलायचं धैर्य तुम्हाला तरी आहे का? म्हणून पत्र.

आणि एक गोष्ट आधीच स्वच्छ सांगून टाकतो की मला मोरेश्वररावांचा हेवा वाटत नाही. दीपाने तुम्हाला तसं काही कळवलं असेल तर ते तिच्या स्वभावाला धरून आहे, वस्तुस्थितीला नाही. तुमच्या घराने आम्हा दोघांना मुली दिल्या, मला थोरली आणि मोरेश्वररावांना धाकटी, आणि तेव्हापासून गेली तीस वर्षं लोक आम्हा साडूंकडे दुकानात शेजारी मांडलेल्या दोन कलिंगडांकडे बघावं तसं बघतात. त्यातलं एक जास्त लाल निघालं तर दुसऱ्याने काय करावं? मी इथे पंपाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढून डिसेंबरात निवृत्त झालो. कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं. मोरेश्वरराव सांता क्लाराला कॉम्प्युटरच्या चिप करणाऱ्या कंपनीत होते. ते छप्पन्नाव्या वर्षीच निवृत्त झाले, कंपनीने शेअर दिले. घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. तक्रार नाही, नुसती माहिती देतो.

तर या मोरेश्वररावांनी जानेवारीत एक जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. म्हणजे जिच्यात झोपायचं, स्वयंपाक करायचा आणि जमलंच तर प्रवासही करायचा, अशी गाडी. १९८२ सालची, डिझेलवर चालणारी, रंग कालच्या वरणाचा, बनावट मूळची जर्मन. तिला घेऊन ते आणि दीपा जूनमध्ये डेन्मार्क, स्वीडन, नॉर्वे असं करत युरोपच्या पार वरच्या टोकाला जाणार आहेत, जिथे त्या दिवसांत सूर्य मावळतच नाही. गाडी बाल्टिमोरच्या बंदरातून जहाजाने जर्मनीला उतरायची (माहेरपणाला चालली म्हणा), मागून हे दोघं विमानाने जायचे, आणि मग सहा आठवडे नुसतं भटकायचं. कॅलिफोर्नियाहून बाल्टिमोरला जाताना ओहायो वाटेत लागतं, हे नकाशापुरतं खरं आहे. "मोहनराव, जाता जाता तुमच्याकडे थांबतो, इंजिनावर फक्त एक नजर टाका," असा फोन आला. १२ मार्चला गाडी दारात आली. ती एक नजर मी अजून टाकतोच आहे.

गाडी आमच्या दारापुढच्या ड्राइव्हवेत शिरली तेव्हा मी स्वागताला पुढे झालो. मोरेश्वररावांनी उतरून बाजूचं सरकतं दार मोठ्या ऐटीत सरकवलं. ते सरकत सरकत रुळाच्या बाहेर आलं आणि थेट माझ्या हातांत बसलं. मी ते पोटाशी धरून उभा, कंबरेत कळ, आणि आतून दीपा म्हणते, "अय्या भाऊजी, लगेच कामाला लागलात पण! किती गुणाचे!" तेव्हाच ओळखायला हवं होतं. गाडीतला पाण्याचा पंप पाणी सोडून सगळं ओढत होता. छत वर उचललं की बाजूंना जे कापड ताणलं जातं त्यात उंदरांनी खिडक्या केल्या होत्या. फ्रीज गॅसवर, बॅटरीवर आणि घरच्या विजेवर अशा तिन्ही प्रकारे चालतो असं पाटीवर लिहिलं होतं, आणि तो तिन्ही प्रकारे बंद होता. त्यात आपली इथली वीज वेगळी, तिकडची वेगळी. इथली गॅसची नळी तिकडच्या सिलिंडरला बसत नाही. स्वीडन-नॉर्वेत म्हणे भर दुपारीही गाडीचे दिवे लावून ठेवायचा कायदा आहे (सूर्य मावळत नाही तिथे दिव्यांची सक्ती! पण आपण कोण बोलणार), म्हणून किल्ली फिरवली की दिवे आपोआप लागतील अशी वायरिंग मी नव्याने केली. दादा, हे सगळं मी केलं. मोरेश्वरराव त्या वेळी बागेतली खुर्ची टाकून नॉर्वेचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवत होते. मी गाडीखाली उताणा, कपाळावर तेलाचे थेंब, आणि वरून आवाज: "मोहनराव, ऐका हे. समुद्र डोंगरात शंभर मैल आत घुसतो! इमॅजिन करा यार, दोन्हीकडे कडे आणि मधे आपण!" आपण म्हणजे ते आणि दीपा.

आता तुम्ही म्हणाल, गाडीत खाली दोघं आणि छताखालच्या माळ्यावर दोघं अशी चौघांची झोपायची सोय आहे, मग त्यांनी तुम्हाला चला म्हणून विचारलं नाही का? नाही विचारलं. म्हणजे, विचारलं, पण एकदा. एकदा विचारण्याला आपल्यात विचारणं म्हणतात का, हे तुम्हीच सांगा. आले त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना, तोंडात घास असताना ते म्हणाले, "मोहनराव, तुम्ही दोघं पण चला की. वरचा माळा रिकामाच आहे." मी अर्थातच म्हणालो, "छे छे, आम्ही कशाला मधे? तुम्ही जा, मजा करा." यापुढे काय व्हायला हवं होतं? त्यांनी "असं कसं, चलाच" म्हणायचं. मी "अहो, खरंच नको" म्हणायचं. दीपाने "भाऊजी, माझी शपथ आहे" म्हणायचं. मग मी सुनेत्राकडे बघून, "बघ बुवा, एवढा आग्रह करतायत तर..." म्हणून मान हलवायची. हा पिढ्यान्‌पिढ्यांचा मळलेला रस्ता आहे, डोळे मिटून चालता येतो. मोरेश्वरराव "ओके" म्हणाले आणि त्यांनी लोणचं मागितलं.

ओके! दादा, हा तुमच्या घरचा जावई आहे. लग्नानंतरच्या पहिल्या पंगतीत वहिनी जिलबीचं ताट घेऊन आल्या तेव्हा याच माणसाने दोन्ही हात पानावर आडवे धरले होते आणि "नको नको, पोट फुटेल" म्हणत म्हणत अकरा जिलब्या खाल्ल्या होत्या. मी मोजल्या, कारण मी नवावर थांबलो होतो. तेव्हा वहिनी पहिल्या "नको"ला "ओके" म्हणून ताट घेऊन पुढे गेल्या असत्या तर? त्याने काय तोंड दाखवलं असतं घरी जाऊन? तीस वर्षं अमेरिकेत राहिल्याने माणसाचं इंग्रजी सुधारतं की नाही सांगता येत नाही, पण दुसऱ्याच्या "नको"चा मान कसा ठेवायचा ते तो साफ विसरतो. मृणालिनीला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, डू यू वाँट टू गो?" मी म्हटलं, प्रश्न तो नाही. म्हणे, "देन जस्ट टेल हिम!" जस्ट टेल हिम! म्हणजे पंगतीत आपण होऊन उठायचं आणि ताटात हात घालायचा. इथे वाढलेली पोरं, त्यांना काय सांगणार.

तोंडाने सांगणं शक्य नव्हतं, पण दुसरा आग्रह व्हावा असं वातावरण तयार करणं माझ्या हातात होतं. २०११ सालापर्यंत चालणारा माझा पासपोर्ट मी जेवणाच्या टेबलावर विसरलो. तीनदा विसरलो. तिसऱ्यांदा दीपाने त्यावर गरम कुकर ठेवला. मग शास्त्राचा आधार घेतला. ओटा, फ्रीज आणि ड्रायव्हर सगळे डाव्या अंगाला असल्यामुळे गाडी डावीकडे कलते, ही गोष्ट खरी आहे. मी नीट मोजमाप घेऊन कागदावर आकृती काढली आणि मोरेश्वररावांना दाखवून दिलं की लांबच्या प्रवासात गाडी सरळ चालायची तर उजवीकडे मागच्या बाजूला साधारण बहात्तर किलो वजन हवं. (माझं वजन बहात्तर आहे.) त्यांनी कागद बारकाईने बघितला, "जीनियस आहात तुम्ही!" म्हणाले, आणि संध्याकाळी इंडियन ग्रोसरीतून तांदळाच्या वीस-वीस पौंडांच्या आठ पिशव्या आणून उजवीकडे मागे रचल्या. गाडी अगदी सरळ उभी राहिली. माझ्या जागेवर बासमती बसला.

पुढच्याच आठवड्यात जहाज कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं की गाडी पाठवताना आत चमचासुद्धा ठेवायचा नाही, पूर्ण रिकामी आणा. पिशव्या उतरल्या. खोटं कशाला सांगू, माझ्या मनाला पालवी फुटली. मोरेश्वरराव म्हणाले, "नो प्रॉब्लेम, तिकडे उतरलो की वाळूच्या गोणी टाकू." म्हणजे जर्मनीची वाळू चालते, पण घरचा माणूस नको. तांदूळ आमच्या तळघरात आहे. दिवाळीपर्यंत आमच्याकडे रोज भात.

तुमच्या बहिणींचं काय, तर त्या दोघी मजेत आहेत. एका शनिवारी त्यांनी गाडीतला स्टोव्ह चालतो का बघायला आत थालीपीठं लावली. धूर झाला, धुराची शिटी कोकलायला लागली, आणि त्या शिटीहून मोठ्याने दोघी हसत होत्या. मी छतावर बसून फाटलेलं कापड शिवत होतो, त्यामुळे आतलं बोलणं कापडाआडून स्पष्ट ऐकू येत होतं. दीपा म्हणाली, "ताई, तू असतीस तर कसली धमाल आली असती गं." असतीस तर! म्हणजे नाहीस हे ठरलेलंच. त्यावर सुनेत्रा म्हणाली, "यांचं काय ते कळत नाही बाई. विचारलं तर नको म्हणतात आणि नाही विचारलं तर जेवत नाहीत." हे मला मुळीच आवडलं नाही. मी जेवतो. त्या दिवशी मला फक्त खालून थालीपीठ वर आलं नाही, म्हणून मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला समोर बसवून विचारलं, "अहो, तुम्हाला जायचंय का? सरळ सांगा." मी म्हटलं, "मला? छे! त्या डब्यात?" ती "बरं" म्हणाली. तिचं हे "बरं" तुम्ही लहानपणापासून ऐकत आला आहात, तेव्हा मी कोणत्या काळजीत असेन ते समजून घ्या.

इथवर प्रकरण घरातल्या घरात होतं. पण गाडी उभी आमच्या दारात. आमच्या वस्तीच्या असोसिएशनचा नियम असा की अशी गाडी दोन दिवसांपेक्षा जास्त रस्त्यावरून दिसता कामा नये, त्यामुळे नोटीस आली. मी उत्तर लिहिलं की ही गाडी लवकरच नॉर्वेला रवाना होत असून तोवर सांभाळून घ्यावं. कोण नेणार आहे, हे लिहायचं राहिलं. (पत्र एकाच पानात बसवायचं होतं.) दुसऱ्या दिवशी असोसिएशनच्या बाई स्वतः हजर. दंड नाहीच, उलट म्हणाल्या, तुमच्यासारखी माणसं या वस्तीत आहेत याचा आम्हाला अभिमान आहे. समोरचा डेल, आगीच्या बंबावरून निवृत्त झालेला, रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन यायला लागला. "सो व्हेन आर यू गाइज लीव्हिंग?" मी म्हणायचो, जून. जून हे उत्तर खोटं नाही, दादा. जाणारे जूनमध्येच जाणार आहेत. त्याने आमचं टपाल गोळा करायची आणि गवत कापायची जबाबदारीही घेऊन टाकली. सहा आठवडे आपलं गवत दुसरा कापणार आणि आपण खिडकीच्या पडद्याआडून बघणार, हे चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

त्यानंतर पाडवा आला. मोरेश्वरराव आणि दीपा त्या शनिवार-रविवारी आपल्या मुलाला, अनयला भेटायला बॉस्टनला गेले होते, म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघंच. मंडळाच्या अध्यक्ष अहिल्याताई स्टेजवर चढल्या आणि पोटलकच्या (ज्याने त्याने घरून आणलेल्या जेवणाच्या) सूचना देता देता म्हणाल्या, "आणि एक गुड न्यूज. आपले मोहनकाका आणि सुनेत्रामावशी समरमध्ये कॅम्पर व्हॅनने नॉर्वेच्या टोकापर्यंत ड्राइव्ह करणार आहेत!" दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या चालू असताना उठून "तो मी नाही, माझा साडू" असं ओरडायचं का? तुम्ही ओरडला असता? मी उठलो, नमस्कार केला आणि बसणार एवढ्यात कुणीतरी हातात माईक दिला. दादा, मी बारा मिनिटं बोललो. गाडीखाली पडल्या पडल्या पुस्तक सबंध ऐकलेलं होतं, समुद्र, कडे, न मावळणारा सूर्य, सगळं आलं. शेवटी मी म्हणालो की माणसाने वय बघू नये, क्षितिज बघावं. हे वाक्य मला आयत्या वेळी कुठून सुचलं देव जाणे, पण बायकांनी डोळे पुसले. कार्यक्रम संपल्यावर पुण्याचा एक सॉफ्टवेअरवाला मुलगा, सिद्धेश, पाया पडून म्हणाला, "काका, यू आर अ रॉकस्टार यार!" आणि अहिल्याताईंनी २० ऑगस्टला माझा स्लाइड शो जाहीर करून टाकला, हॉल बुक केला. सुनेत्रा श्रीखंडाच्या पातेल्यापाशी डाव घेऊन उभी होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढच्या ताटलीत दोन डाव जास्त वाढले. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "क्षितिज बघा आता घरात बसून."

गेल्या आठवड्यात मी शेवटचा बाण सोडला. मोरेश्वररावांना म्हटलं, तिथे ध्रुवाकडच्या बाजूला, रस्त्यात गाडी बंद पडली तर काय कराल? तुम्हाला पान्याची कुठली बाजू हातात धरायची तेही माहीत नाही. ते गंभीर झाले. मला वाटलं, आला, दुसरा आग्रह आला. ते म्हणाले, "बरोबर आहे. म्हणूनच तुम्ही मला सगळं मराठीत लिहून द्या, स्टेप बाय स्टेप." तर मी सध्या पुस्तक लिहितो आहे. शेहेचाळीस पानं झाली, आकृत्यांसह. पट्टा कसा बदलायचा, गळती कशी ओळखायची, दार निसटलं तर कुठे उभं राहायचं, सगळं मनापासून लिहिलं आहे. फक्त एकतिसावं पान मी त्यात अजून घातलेलं नाही. ही गाडी गार पडली की सरळ सुरू होत नाही. किल्ली अर्धी फिरवायची, पंधरा आकडे मोजायचे, मागे आणायची, पुन्हा अर्धी फिरवून पंधरा मोजायचे, मग अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून किल्ली पुरती फिरवायची. ही खुबी मला तीन आठवड्यांनी सापडली आणि आजच्या घटकेला ती उत्तर अमेरिकेत फक्त मला ठाऊक आहे. ते पान माझ्या मोज्यांच्या खणात आहे. यात मत्सर नाही. लेखकाला आपलं हस्तलिखित पुन्हा एकदा तपासायचा अधिकार असतो.

असो. लिहिता लिहिता पत्र लांबलं. लिहिण्याचं कारण एवढंच की तुमच्या कूलरच्या मोटारीवर जे आकडे कोरलेले असतील ते कळवा, म्हणजे मी नवी कुठली बसवायची ते सुचवीन. गुडघ्याला तेल लावत जा. वहिनींना नमस्कार, बर्फी फार छान होती, जी मिळाली ती.

तुमचा,
मोहन

ता. क. तुम्ही या महिन्यात दीपाला फोन कराल तेव्हा मोरेश्वररावांशी दोन शब्द बोलाच. ते माझं ऐकत नाहीत, कुणाचंच ऐकत नाहीत, पण तुमच्यापुढे अजून खुर्चीच्या टोकावर बसतात. बोलता बोलता सहज म्हणा की मोहनला का नेत नाही बरोबर, त्याला इंजिनातलं कळतं. मी सांगितलं असं कृपा करून म्हणू नका. स्वतःलाच सुचल्यासारखं म्हणा. पंगतीतल्या जिलब्यांची आठवण दिलीत तरी चालेल.

ता. क. दुसरा. ते म्हणतील की मी विचारलं होतं आणि मोहनराव नको म्हणाले. तर त्यांना समजावून सांगा की पहिलं "नको" हे नुसतं तोंड धुण्यासारखं असतं, जेवण त्यानंतर. त्यांनी पुन्हा विचारावं. मी पुन्हा नको म्हणेन, तेव्हा खचून जाऊ नये, तिसऱ्यांदा विचारावं. आणि तिकडे गार हवेत गाडी सुरू झाली नाही तर काय करणार, असाही एक प्रश्न तुम्ही मधेच टाका. उत्तराची वाट बघू नका, नुसता टाका.

ता. क. तिसरा, रविवार संध्याकाळ. पाकीट चिकटवणार एवढ्यात मोरेश्वरराव जिना चढून वर आले. तोंडात घास नव्हता. दारात उभे राहून म्हणाले, "मोहनराव, तिकिटं उद्या संध्याकाळी काढतोय. मनापासून विचारतो, येताय का दोघं?" दादा, पाच आठवडे ज्याची वाट बघितली ते वाक्य, जसंच्या तसं, समोर उभं. आणि मी ऐकतोय तर माझंच तोंड म्हणतंय, "नाही हो, खरंच नको. उगाच तुम्हाला अडचण." ते म्हणाले, "श्युअर?" आता हा "श्युअर?" तिसरा आग्रह धरायचा की दुसऱ्याचंच शेपूट, हे ठरवायला मला एक मिनिट हवं होतं, पण तोंडाने "श्युअर" म्हणून टाकलं. ते "ओके" म्हणाले. एवढ्यात खालून, स्वयंपाकघरातून, सुनेत्राचा आवाज आला, "मोरेश्वरराव, यांचं राहू द्या. माझं काढा!" आणि दीपाची आनंदाची किंकाळी. एकदा विचारलं आणि ती हो म्हणाली, दादा. पहिल्या फटक्यात! तुमच्याच घरात वाढलेली मुलगी.

म्हणजे आता ते तिघं जाणार. २० ऑगस्टला मंडळापुढे सुनेत्रा बोलेल आणि मी स्लाइड बदलीन. एकतिसावं पानही देऊन टाकावं लागेल, कारण गाडी बंद पडली तर आता थंडीत माझीच बायको कुडकुडत बसेल, तेवढा हुकमाचा पत्ता होता तोही गेला. तेव्हा वरची विनंती दोघांसाठी न धरता एकट्यासाठी धरावी. पोस्टाने हे पत्र पोचायला दहा दिवस लागतील आणि तिकिटं उद्या निघतील, म्हणून उद्या सकाळी इथलं फॅक्सचं दुकान उघडताच तुमच्या चौकातल्या झेरॉक्सवाल्याच्या फॅक्सवर हे सगळं पाठवतो. त्याने वाचलं तरी हरकत नाही. मिळताच असाल तसे उठा आणि फोन लावा, गुडघ्याचं नंतर बघू. मोरेश्वररावांना सांगा, आज्ञा करा, रागवा, काय वाटेल ते करा आणि माझं नाव घालून मोकळे व्हा. फक्त एक करा. फोन माझ्या हातात द्यायला सांगून "काय मोहन, जायचंय ना?" असं मला विचारू नका. विचारलंत तर मी नको म्हणेन.